बंद खोलीतला समेट आणि शेवटची ती ओळ

वरिष्ठांविरुद्ध तक्रार केली तेव्हा त्यांची नोकरी जावी असं मला वाटत नव्हतं. भर मीटिंगमध्ये माझ्या अंगावर ओरडणं थांबावं, एवढंच हवं होतं. चौकशी लागली असती तर सहकाऱ्यांना साक्षी द्याव्या लागल्या असत्या, टीममध्ये दोन तट पडले असते. म्हणून मी समेटाला तयार झाले.

आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मध्यस्थ बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "इथलं बोलणं पुढे चौकशी झाली तरी तिथे वापरता येणार नाही. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी पलीकडे काही सांगणारही नाही." त्या हमीवर मी लेखी तक्रारीत नसलेलंही बोलले. रविवार संध्याकाळपासून पोटात गोळा यायचा, हे आईलाही सांगितलं नव्हतं. आणि पलीकडच्या खोलीत वरिष्ठांनी कबूल केलं की हो, ओरडतो. चौकशीत हे कोण कबूल करेल? तिथे कबुली म्हणजे पुरावा!

एवढं मोल कळलं म्हणूनच गोपनीयतेचा गैरवापर पाहिला की चीड येते. समेटाच्या मसुद्याच्या शेवटी ओळ होती: 'तक्रारदार या विषयावर कुणाशीही, कधीही बोलणार नाही.' डॉक्टरशीही नाही? वकिलाशीही? मी सही केली नाही. खोलीतलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण मी जे सोसलं ते कुणाला सांगायचं हे मी ठरवेन, असं लिहून घेतलं.

हा माझा हट्ट नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या, कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्धच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात खासगीपणा जपा म्हणताना, गोपनीयतेचा गैरवापर होऊ देऊ नका, हेही लगोलग म्हटलंय. भारताच्या २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात पीडितेने मागितला तरच समेट होतो, पैशांच्या आधारावर तो करता येत नाही आणि ठरलेल्या अटी मोडल्या तर चौकशी सुरू होते.

एकाच माणसाविरुद्ध तिसरी तक्रार येते आणि तीही बंद खोलीत मिटते, तेव्हा मात्र मला समेट मान्य नाही. प्रत्येक तक्रारदाराला आपण एकटीच आहोत असं वाटत राहतं. आधी किती तक्रारी आल्या याची नोंद कुणीतरी ठेवलीच पाहिजे, आणि तिसऱ्या वेळी चौकशीच व्हायला हवी.

सहीसाठी कागद समोर आला तर एक रात्र मागून घ्या. घाई करणाऱ्याला कारण विचारा.