बारीक झालात हो!

आमच्या घराण्यात मधुमेह नाही, रक्तदाब नाही, हृदयविकारही नाही. विचार आहेत. आजोबा सकाळच्या एस.टी.साठी पहाटेच स्टँडवर जाऊन बसत आणि गाडी रद्द झाली तर काय, याचा खल करत. गाडी वेळेवर आली की त्यांचा चेहरा पडायचा. बाबांच्या निरोप समारंभात सगळं ऑफिस हळवं झालं होतं आणि बाबा, मिळालेला नारळ एस.टी.त कुणाच्या डोक्यात पडला तर जबाबदारी कुणाची, या विवंचनेत होते. मग माझा नंबर लागला. शाळेत पेपर सोपा गेला की मला घाम फुटायचा. सोपा कसा जाईल? प्रश्नच कळला नसणार.

अशा माणसाला लिफ्टमध्ये कुणी भेटलं, तर त्याने नमस्कार करावा, फार तर 'तुमच्याकडे पाणी येतंय का' विचारावं आणि वर बघत उभं राहावं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हा संकेत पाळला नाही. त्या भाजीची पिशवी घेऊन आत शिरल्या. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. काकूंनी मला चपलांपासून केसांपर्यंत एकदा सावकाश न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बारीक झालात हो!"

मी 'छे छे' म्हणेपर्यंत तिसरा मजला आला. काकू गेल्या, मेथी गेली. पाचव्या मजल्यापर्यंत मी आणि लिफ्टमधला आरसा असे दोघंच उरलो. लिफ्टच्या आरशात कुणीही धडधाकट दिसत नाही. तो दिवा डोक्यावर असा काही लावलेला असतो की माणसाच्या डोळ्यांखाली विहिरी पडतात. पण हे सुचायला स्वस्थ डोकं लागतं.

रात्री जेवण झालं, बातम्या झाल्या, घर निजलं. दोनच्या सुमाराला माझ्या डोक्यात सभा भरली. बारीक म्हणजे किती बारीक? पट्ट्याचं भोक तेच आहे. पण चामडं सैल पडलं असेल. काकू स्वतः शुगरच्या पेशंट, त्यांची नजर तयार असणार. त्यांचे मिस्टर जायच्या आधी असेच बारीक झाले होते. आणि मुख्य म्हणजे त्या 'काळजी घ्या' म्हणाल्या नाहीत. का नाही म्हणाल्या? वेळ निघून गेली, असं तर नाही? फ्लॅटचे हप्ते अजून बाकी. मुलगी अकरावीत. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावायचा राहिलाय. लॉकरची किल्ली कुठे आहे हे बायकोला सांगितलेलं नाही. मला तरी कुठे माहीत आहे?

मग मोबाईल उघडला. 'विनाकारण वजन कमी होणे' असं टाकलं. थायरॉइड निघालं, मधुमेह निघाला, क्षय निघाला आणि त्याखाली ते निघालं ज्याचं घरात कुणी नाव घेत नाही. सोबतच्या लक्षणांत 'थकवा' लिहिलं होतं. रात्री अडीच वाजता मला भयंकर थकवा वाटत होता. झालं, जुळलं.

सकाळी वजनकाट्यावर उभा राहिलो. चौऱ्याहत्तर किलो. दिवाळीत होतं तेवढंच. दुसऱ्या कुणी चहा मागितला असता. मी काटा उलटा करून त्याचा सेल पाहिला. मग मेडिकलवाल्याच्या काट्यावर गेलो, तो तर अर्धा किलो जास्तच दाखवत होता. वजन तेच आणि दिसतो मात्र बारीक, याचा अर्थ अंगात पाणी साठतंय. (ही पायरी कशी चढलो ते मला आज सांगता येणार नाही, पण तेव्हा ती पक्की सिमेंटची वाटली होती.)

मग उपाशीपोटी रक्त देणं आलं. ज्याला डोक्यापासून पायापर्यंतचं पॅकेज म्हणतात, ते घेतलं. रिपोर्टमध्ये सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त व्हिटॅमिन डी चोवीस आणि त्यापुढे ठळक अक्षरांत 'अपुरे'. मी ते पान उघडूनच डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला. "अख्ख्या नाशकात पुरेसं असलेला एक माणूस आणून दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. झोप कशी आहे तुमची?"

झोपेचं काय विचारतात हे, दुखणं काय आणि चौकशी कसली, असं वाटून मी उठलो. खालच्या जिन्यात काकूंच्या सूनबाई भेटल्या. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणाल्या. "आता त्यांना सगळेच बारीक दिसतात. आधी सगळे धूसर आणि रुंद दिसायचे."

हे ऐकून कुणीही मोकळं हसलं असतं. मी हसलोही. रात्री दोन वाजता मला मोतीबिंदूची काळजी लागली.

विचार करणाऱ्या माणसाची खरी पंचाईत अशी, की त्याला आपण काहीतरी काम करतोय असं वाटत असतं. कपाळाला आठ्या आहेत, जागरण झालंय, म्हणजे प्रश्नावर मेहनत चाललीच आहे. प्रत्यक्षात रिक्षा सिग्नलला उभी असते आणि मीटर पडत असतं. शिवाय न विचार करणाऱ्या माणसांबद्दल आमच्या मनात एक सूक्ष्म तुच्छता असते. हे झोपतात कसे? यांना परिस्थितीचं गांभीर्य नाही? माझ्या शेजारी अशी एक व्यक्ती गेली एकोणीस वर्षं घोरते आहे.

या सवयीवर रीतसर अभ्यास झालेला आहे, हे कळलं तेव्हा मला जरा प्रतिष्ठित वाटलं. सुझन नोलन-होक्सेमा नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या. स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांचे स्वभाव आणि मनःस्थिती त्यांनी नोंदवून ठेवली होती आणि योगायोग असा, की पाठोपाठ १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच मुलांना पुन्हा गाठलं. ज्यांना आधीपासून आपल्याच दुःखाचा रवंथ करत बसायची खोड होती, ती मुलं नंतर कित्येक आठवडे जास्त खचलेली निघाली. जमीन सगळ्यांच्याच पायाखाली हलली होती. यांच्या डोक्यात ती हलतच राहिली. बाईंचं पुढचं संशोधन म्हणतं, की हा रवंथ पुरुषांपेक्षा बायका जास्त करतात. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "त्या बाई नाशिकला आल्या नसतील."

तिचा उपाय सोपा होता. "अहो, नका ना विचार करू काकूंचा." हे वाक्य या देशात प्रत्येक घरात दिवसातून एकदा तरी म्हटलं जातं आणि त्याने आजवर कुणाचा विचार थांबल्याचं ऐकिवात नाही. त्याचाही प्रयोग झालाय. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायची मुभा दिल्यावर तर, ज्यांना आधी बंदी होती त्यांच्या डोक्यात अस्वलाने जास्तच धुमाकूळ घातला. माझ्या बाबतीत अस्वलाच्या जागी काकू होत्या. गाऊनवर ओढणी, हातात मेथी. मी डोळे मिटून 'काकू नाहीत, काकू नाहीत' म्हणायचो आणि त्या लिफ्टमधून येतच राहायच्या.

गंमत तोवर गंमत होती. मग पावसाळा संपता संपता लक्षात आलं, की पहाटे चारला आपोआप जाग येते, ऑफिसात एकच ईमेल पुन्हा पुन्हा वाचतो, मुलीने काही विचारलं की खेकसतो. मान अशी आखडलेली, की मागून कुणी हाक मारली तर अख्खा माणूस वळवावा लागायचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मला ठाऊक होता. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पण रात्री तीनला फोन हातात घेऊन मी विचार करत बसलो, की आपल्यापेक्षा जास्त गरज असलेला माणूस आपल्यामुळे ताटकळला तर? शेवटी नंबर बायकोने फिरवला आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडच्या माणसाने झोप, भूक, कामावरचं लक्ष असं एकेक शांतपणे विचारलं आणि समोरासमोर कुणाला तरी भेटाच, असं सुचवलं.

लग्नाच्या पंगतीत आपल्याकडची माणसं बी.पी.च्या गोळ्या हळदी-कुंकवाच्या वाणासारख्या एकमेकांना दाखवतात. मनाच्या डॉक्टरकडे जाताना मात्र मी सोसायटीच्या गेटवर "जरा टायरमध्ये हवा भरून येतो" असं सांगून निघालो. समुपदेशक बाई वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी आधी माझी भीती काढली. नुसता अतिविचार हा काही वेगळा आजार नव्हे, पण चिंतेच्या आणि नैराश्याच्या आजारांत तो हटकून घर करून असतो. आवरता न येणारी काळजी सहा महिने, बहुतेक दिवस चालू राहिली, जोडीला झोप उडाली, चिडचिड, थकवा, आखडलेलं अंग असं सगळं असलं, की त्याला आजार म्हणतात आणि त्यावर उपचार असतात, लागलं तर औषधंही असतात. माझं गाडं अजून अलीकडच्या स्टेशनावर होतं. हे ऐकून हायसं वाटलं आणि लगेच, त्या मला बरं वाटावं म्हणून तर असं म्हणत नसतील, असंही वाटलं. ते मी त्यांना सांगितलंसुद्धा. "पुरावा काय?" त्या म्हणाल्या.

हा त्यांचा लाडका प्रश्न. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतला, जी आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. काकूंच्या नजरेचा पुरावा काय? वजन तर तेच आहे. पाणी साठल्याचा पुरावा काय? एकेका विचाराला कागदपत्रं मागायला लागल्यावर बरेचसे दारातूनच परतले. तलाठी कार्यालयात गेल्यावर भलेभले परततात तसे.

आणि दुसरं, त्यांनी मला काळजीची वेळ लावून दिली. थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८३ च्या सुमाराला ही युक्ती काढली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास बसायचं आणि मनसोक्त काळजी करायची. बाकी दिवसभर काही आलं तर त्याला सांगायचं, संध्याकाळी ये. आम्ही सहा ते साडेसहा ठरवलं. जागा गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची. समोर वही. घरात त्या वेळेला 'बाबांचा क्लास' म्हणतात आणि कुणाचा फोन आला तर मुलगी तसंच सांगते.

या क्लासात एक चमत्कार होतो. रात्री दोन वाजता जो विचार वाघासारखा चालून येतो, तो संध्याकाळी सहाला वहीत लिहायला घेतला की जरा ओशाळतो. काकूंचे मिस्टर बारीक होऊन गेले, हे खरं. पण गेले तेव्हा ते ९२ वर्षांचे होते, हे मला खाली कोथिंबीरवाला ओरडत असताना आठवलं. कधीकधी सव्वासहालाच काळजी संपते आणि उरलेली पंधरा मिनिटं काढायची कशी, असा प्रश्न पडतो. तो उद्याच्या यादीत टाकतो.

वहीत बाईंनी मधोमध रेघ मारून दिली होती. डावीकडे ज्याचं काही करता येईल ते, उजवीकडे ज्याचं करता येणार नाही ते. उजवीकडे भूकंप, मोतीबिंदू, मुलीला नवरा कसा मिळेल (ती सतरा वर्षांची आहे) वगैरे पानं भरली. डावी बाजू जवळजवळ कोरी. तिथे एकच ओळ होती: बँकेत नॉमिनी. वर्षानुवर्षं मी या गोष्टीची काळजी करत होतो, कारण काळजी केली की बँकेत जावं लागत नाही.

गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म दिला आणि सहज सांगितलं, "१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नावं देता येतात, टक्केवारीसकट." चार नावं! टक्केवारी! माझ्या डोक्यात सभा भरायला लागली. बायकोला साठ दिले तर मुलीला वाईट वाटेल. मुलगी तर अजून अज्ञान. बाबांना दिले नाहीत तर त्यांना कळलं तर? दिले तर ते त्या टक्क्यांचा विचार करत बसतील. मागची रांग लांबत चालली.

"सर," मॅडम म्हणाल्या, "नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे, एवढंच." मी बायकोचं नाव लिहिलं, पुढे शंभर टाकले आणि खाली सही करून फॉर्म सरकवला. त्यांनी कॉम्प्युटरमधली सही पाहिली, माझी पाहिली, मान हलवली.

"जुळत नाहीये. पुन्हा करा."

पुन्हा केली. यावेळी शिरोरेषा लांबली.

"सर, जास्त विचार करू नका. नेहमी करता तशी करा."

मी पेन उचललं. नेहमी कशी करतो? पहिला फाटा आधी वर जातो की खाली? मागचे आजोबा पुढे वाकून मॅडमना विचारत होते, "तुमची जेवणाची सुट्टी किती वाजता असते हो?"