कोतवाल मेला, कारभार चालूच राहिला

अनंत चतुर्दशी जवळ आली की व्हॉट्सअॅपवर 'काका मला वाचवा' फिरायला लागतं. नारायणराव पेशव्यांचा खून, शनिवारवाडा, रात्री ऐकू येणारी किंकाळी आणि शेवटी ठरलेलं वाक्य, आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला. किंकाळी ऐकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आनंदीबाईवर खापर फोडणारे मात्र घरोघरी आहेत.

समजा, गारद्यांना, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांना, गेलेला हुकुमाचा तो कागद खरा. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईनेच केलं, तेही खरं धरू. पण पुतण्याला, तोही राज्याचा पेशवा, गारद्यांकरवी धरायचा हुकूम कोणी दिला होता? काकांनीच, म्हणजे आनंदीबाईच्या नवऱ्याने, राघोबादादांनीच ना? एवढा साधा प्रश्न अडीचशे वर्षांत आपल्या बोलण्यात येत नाही. दादा आपल्या आठवणीत अटकेपर्यंत गेलेले 'राघोभरारी' राहिले आणि खून बाईच्या नावावर चढला. मला यात बाईच्या अन्यायापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकते. एवढा मोठा कट झाला, वाड्यात भरदिवसा शेकडो माणसं घुसली, तरी आपल्याला एक नाव मिळालं की गप्प बसता येतं.

राघोबांची हाव एका रात्रीत उगवली नव्हती. पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब गेले आणि पेशवाई सोळा वर्षांच्या माधवरावांकडे गेली, तेव्हापासून ती धुमसत होती. १७६२ ला आळेगावला काका-पुतणे लढले. १७६८ ला धोडपला दादा हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. १७७२ मध्ये माधवराव थेऊरला गेले, धाकटा भाऊ गादीवर आला. काका वाड्यातच कोंडलेले आणि दाराशी पगार थकलेले गारदी. ३० ऑगस्ट १७७३ चा खून हा या सगळ्याच्या बेरजेतून झाला. पण बेरीज कोणाला सांगता येते? गोष्टीला माणूस लागतो.

आता पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. हे नाव आलं की आपण सगळे ताठ बसतो, मीही बसतो. माहुलीचा हा माणूस. माधवराव जपाला बसलेले असताना शास्त्रीबुवा कामासाठी आले आणि तसेच परत गेले. दुसऱ्या दिवशी काशीला जायची परवानगी मागायला हजर. म्हणाले, ब्राह्मणाने राज्य हातात घेतलंय तर राज्य करावं, जपतपच करायचं असेल तर चला, दोघेही गंगेकाठी बसू. ही कथा मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवली आहे. माझ्या मते ती देहान्त प्रायश्चित्ताच्या प्रसंगापेक्षाही मोठी आहे. सत्ताधाऱ्याने देवाच्या नावाने काम टाळायचं नाही, हे देवावर पूर्ण श्रद्धा असलेला माणूस सांगतो आहे.

खुनाची चौकशीही त्यांनीच केली. आरोप थेट राघोबांवर ठेवला, शिक्षा सांगितली देहान्त प्रायश्चित्ताची, आणि तुम्ही सत्तेवर असेपर्यंत पुण्यात पाऊल ठेवणार नाही असं सांगून ते वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले. इथे आपण टाळ्या वाजवतो आणि पडदा पाडतो. खाडिलकरांनी १९०९ साली 'भाऊबंदकी'त हा प्रसंग रंगभूमीवर आणला, तेव्हाही टाळ्याच पडल्या असणार.

पण पडदा पडल्यावर काय झालं ते बघा. देहान्त प्रायश्चित्त म्हणजे फाशी नव्हे. दोषी माणसाने आपणहून स्वीकारायची ती गोष्ट. दादांनी ती स्वीकारली नाही, विषय संपला. पुढे बारभाईंनी, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांना हटवलं ते शास्त्राच्या जोरावर नव्हे. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना दिवस गेले होते, त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवलं, १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले आणि गादीला वारस मिळाला, म्हणून. दादा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, त्यातून एक अख्खं युद्ध उभं राहिलं. सालबाईच्या तहानंतर १७८३ मध्ये कोपरगावला ते आपल्या मरणाने गेले. ज्या श्रद्धेवर सगळं राज्य चाललं होतं, तिने दादांसमोर निवाडा ठेवला आणि तो बजावायला तिच्याकडे हात नव्हते.

हात कुठे होते ते अठरा वर्षांनी दिसलं.

१७९१ चा ऑगस्ट. रामशास्त्री जाऊन दोन वर्षं झाली होती, न्यायाधीशाच्या जागेवर अय्याशास्त्री होते. पुण्यात श्रावणातल्या दक्षिणेची गर्दी. दक्षिणा म्हणजे काय प्रकरण होतं ते आज चटकन ध्यानात येत नाही. मूळची ती तळेगावच्या दाभाड्यांची प्रथा. १७३१ ला डभोईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले, त्यानंतर ती पेशव्यांनी उचलली. लढाई जिंकली त्याच्याकडे पुण्यकर्मही आलं! पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. तिथल्या आवारात हजारोंनी ब्राह्मण आत घ्यायचे आणि बाहेर पडताना दारात एकेकाच्या हातावर नाणी ठेवायची, म्हणजे कोणी दोनदा घेऊ नये. विद्वानांची वेगळी परीक्षा, वेगळी रक्कम. काशीपासून तेलंगणापर्यंतची माणसं चालत पुण्याला यायची आणि परत जाऊन पेशव्यांचं नाव सांगायची. छत्रपती साताऱ्यात बसलेले, पेशवे कागदोपत्री त्यांचे प्रधान. अशा घराण्याला आपला अधिकार लोकांच्या मनात रुजवायला यापेक्षा चांगला मार्ग कुठला होता? लाखो रुपये जायचे, पण फौजेपेक्षा स्वस्तच पडत असणार. (रामशास्त्र्यांची इथेही गोष्ट सांगतात. त्यांचा सख्खा भाऊ दक्षिणेला आला, पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस जास्त रक्कम देऊ लागले, तर शास्त्री म्हणाले, इतरांना देता तेवढीच द्या, भाऊ म्हणून काय द्यायचं ते मी माझ्या घरातून देईन.)

तर त्या वर्षी तेलंगी ब्राह्मणांचा एक जथा आला. कोतवाल होता घाशीराम सावळदास, औरंगाबादकडून आलेला उत्तरेकडचा ब्राह्मण, १७७७ पासून कोतवालीवर. शहराचा बंदोबस्त, बाजार, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर, दंड, सगळं त्याच्या हातात. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायची सोय नाही. कोतवालीचं उत्पन्न सरकारात जमा व्हायचं, म्हणजे कोतवाल जितका कडक तितका सरकारचा फायदा. या तेलंगी मंडळींनी कोतवालाच्या बागेतलं काही तोडलं, त्यावरून बाचाबाची झाली आणि तीस-पस्तीस जणांना एका कोंदट जागेत कोंडलं. एवढी माणसं, दार बंद, पावसाळ्याची दमट हवा, पाणी मागायला कोणी नाही. ओरडा बाहेर गेला तरी कोतवालाच्या कुलपाला हात लावायची छाती कोणाची? सरदार मानाजी फाकड्यांना कळलं आणि त्यांनी दार उघडवलं, तोवर वीसेक माणसं गुदमरून मेली होती. घाशीरामाने वर कळवलं की ते चोर होते, अफू खाऊन मेले. ही थाप मारताना तो फार घाबरला असेल असं मला वाटत नाही. चौदा वर्षं त्याचं म्हणणं वर खपतच आलं होतं.

या वेळी खपलं नाही. तेलंगी ब्राह्मणांचा मोठा जमाव नानांच्या दाराशी जमला, न्यायाधीशांनीही बाजू धरली, आणि ३१ ऑगस्टला घाशीरामाची धिंड काढून त्याला जमावाच्या हवाली केलं. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

इथे मी जरा थांबतो, कारण आपली सगळी नजर दगडांकडे जाते. घाशीराम ब्राह्मण होता. ब्राह्मणाला देहदंड देणं शास्त्राला आणि दरबाराला अवघड. राघोबांच्या वेळी त्या अवघडपणाने शिक्षा कागदावर राहिली. घाशीरामाच्या वेळी त्याच अवघडपणातून वाट निघाली. सरकारने मारलंच नाही, सरकारने फक्त हात सोडला. ब्रह्महत्या झाली असेल तर ती जमावाच्या माथी, आणि जमावही ब्राह्मणांचाच, म्हणजे तिथेही मिटलं. हा माझा अर्थ आहे, नानांनी असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण नानांसारखा चतुर माणूस हे न बोलता करू शकत होता, यावर माझा विश्वास आहे. राघोबामागे घराणं होतं, पुढे इंग्रजही आले. घाशीरामामागे नाना होते, आणि त्या दिवशी नाना बाजूला सरकले. शास्त्र तेच, शहर तेच, फरक एवढाच.

आणखी एक. चौदा वर्षांत कोतवालीत फक्त तेलंगी ब्राह्मणच भरडले गेले असतील का? बाजारातला कुणबी, रात्री उशिरा परतणारा कारागीर, बावनखणीतली बाई यांचं काय झालं असेल? त्यांचा जमाव नानांच्या दाराशी गेला नाही. गेला असता तर नाना खाली उतरले असते का, हे ज्याने-त्याने ठरवावं.

तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात आलं आणि गदारोळ झाला, तो नानांवरून. आमच्या नानांना लंपट दाखवलं, ब्राह्मणांची बदनामी केली. नाटक करणाऱ्या पीडीए या संस्थेने थोड्याच प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, मग जब्बार पटेल आणि मंडळींनी थिएटर अॅकॅडमी काढून ते परत उभं केलं. आक्षेपातलं एक मान्य करायला हवं. घाशीरामाने कोतवालीसाठी पोटची पोर नानांना दिली, याला इतिहासात आधार नाही, आणि तेंडुलकरांनीही हे ऐतिहासिक नाटक नव्हे असं स्वच्छ म्हटलं होतं. खरा नाना फडणवीस या नाटकातल्या नानापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा होता. पानिपतावरून जीव वाचवून आलेला, आईला तिथे हरवून बसलेला, आत्मचरित्रात स्वतःच्या वासनांबद्दल कबुली देणारा, आणि बारभाईंपासून पुढे वीस-पंचवीस वर्षं मराठी राज्य सांभाळणारा. मोहन आगाशांनी रंगवलेल्या नानावर चिडणाऱ्यांचं दुःख मला कळतं.

पण ते चिडले चुकीच्या पात्रावर. नाटकात सर्वांत भयंकर पात्र नाना नाही आणि घाशीरामही नाही, ती माणसांची भिंत आहे. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण, गातात, डुलतात, देवाचं नाव घेतात, पाठ फिरवली की पडदा होतात, त्या पडद्याआड काहीही चालतं, आणि मग तीच मंडळी तोंड फिरवून परत भजनात. कोणी एक जण वाईट नाही. घाशीरामाला चोर ठरवून बडवताना ते एकत्र असतात, त्याच्या जाचाखाली कण्हताना एकत्र असतात, त्याला ठेचा म्हणताना एकत्र असतात. शेवटी नाना येतो, संकट टळलं म्हणून तीन दिवस उत्सव जाहीर करतो, आणि भिंत आनंदाने नाचायला लागते. मी हे नाटक बघून बाहेर पडताना लोकांना 'काय तो नाना!' म्हणताना ऐकलं आहे. भिंतीबद्दल बोलताना क्वचितच. त्या ओळीत आपण उभे असू, अशी शंका कोणाला आवडेल?

म्हणून सत्तेची हाव हा विषय मला थोडा कंटाळवाणाच वाटतो. हाव सगळीकडे सारखी असते, राघोबांची असो की कोतवालाची. तिला दार कोण उघडतं आणि कोणत्या पवित्र नावाने उघडतं, हे बघण्यासारखं असतं. घाशीराम मेल्यावर कोतवाली बंद झाली नाही, दुसरा कोतवाल आला. १७९५ ला सवाई माधवराव गेले. १७९६ च्या अखेरीला गादीवर बसला राघोबा आणि आनंदीबाईचाच मुलगा, दुसरा बाजीराव, आणि त्या मसलतीत शेवटी नानांनाही सामील व्हावं लागलं. आनंदीबाई ते बघायला नव्हती, १७९४ मध्येच गेली. दक्षिणा मात्र चालू राहिली, उलट बाजीरावाच्या काळात तिचा थाट आणखी वाढला.

१८१८ ला पेशवाई गेली, तरी दक्षिणा गेली नाही. इंग्रजांचा इथला अधिकारी एल्फिन्स्टन हुशार. एकदम बंद केली तर लोक बिथरतील हे त्याने ओळखलं, थोडी चालू ठेवली, थोड्या पैशांत १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पेशव्यांचं पुण्य इंग्रजांनी तसंच पुढे वापरलं. मग १८४९ च्या सुमारास लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, आणि काही तरुण मंडळींनी अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या, मग लिहिणारा कोणी का असेना. शहरात जुन्या मंडळींचा भडका उडाला, अर्ज करणाऱ्यांना मार बसेल अशी हवा झाली. तेव्हा जोतीराव फुल्यांनी आपली माणसं गोळा केली आणि अर्जदारांच्या पाठीशी उभी केली. त्यात रमण्याच्या आवारात ज्यांना कधी प्रवेश नव्हता अशा जातींचे लोक होते. त्या पैशातून स्वतःला काही मिळेल असं त्यांच्यातल्या फारच थोड्यांना वाटलं असेल, तरी ते आले. पुढे दक्षिणेतली काही रक्कम खरोखरच मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळली.