दाजी बसले

परवा रविवारी दाजी आले आणि बसले. घडलं एवढंच. पण जिथं बसले ती जागा त्यांनी बसायची नव्हती, आणि ‘दाजी, उठा’ म्हणायची आमच्या अख्ख्या घरात कुणाची छाती झाली नाही. अडीच तास. मी घड्याळासमोरच उभा होतो, त्यामुळं हिशोब पक्का आहे.

मी ४१ वर्षांचा, परभणीत गणिताचा मास्तर. सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं पळायचं, संध्याकाळी व्हॉलीबॉल. दोन वर्षांपासून उजव्या जांघेत कळ यायची. ओळखीच्यांपैकी निम्म्यांनी ‘नस दबलीय’ सांगितलं, उरलेल्यांनी ‘गॅस’. शेवटी पुणं गाठलं. डॉक्टर फोटो बघून म्हणाले, तुमच्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा पुरता गोल नाही, वाढीच्या वयातच एका बाजूनं फुगीर झालाय. कमरेच्या हाडाच्या वाटीत घासून घासून त्यानं मधली गादी, म्हणजे कूर्चा, खाऊन टाकली. सोळा वर्षं पोरांना गोलाचं घनफळ शिकवतोय, आणि माझा स्वतःचा गोळा गोल नव्हता.

एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं. म्हाताऱ्या माणसांचा करतात तसा अख्खा खुबा, म्हणजे मांडी कमरेला मिळते तो सांधा, नाही बदलला. गोळा जागेवरच ठेवायचा, वरून तासायचा, त्याच्यावर धातूची टोपी बसवायची आणि वाटीत धातूची वाटी. हाड वाचतं, आणि पुढं कधी पूर्ण सांधा बदलायची वेळ आलीच तर डॉक्टरला हाताशी काहीतरी राहतं. आज करतात त्या पद्धतीनं हे काम १९९७ साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये सुरू झालं. जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि माझ्या उजव्या मांडीत बर्मिंगहॅम.

आता खुर्चीचं.

पहिले सहा आठवडे खुबा ९० अंशांच्या पुढं वाकवायचा नाही. पायावर पाय नाही, मांडी घालायची नाही, खाली पडलेलं काही उचलायचं नाही, आणि बसल्यावर गुडघा खुब्याच्या खालीच राहिला पाहिजे. हे नियम ऐकताना फार सोपे वाटतात. घरी आल्यावर कळलं की आपलं सगळं जगणंच ९० अंशांच्या पलीकडचं आहे. जेवण खाली, देवपूजा खाली, चप्पल खाली, भाजी निवडणं खाली, आणि जे सगळ्यात महत्त्वाचं ते तर पारच खाली. आमचा सोफा लग्नातला. त्यात माणूस बसत नाही, रुततो. प्लास्टिकच्या खुर्च्या बुटक्या, वर त्यांचे पाय कधी फाकतील नेम नाही. म्हणून आजोबांची हातवाली सागवानी खुर्ची माळ्यावरून काढली आणि सुताराकडून तिच्या चारी पायांना ठोकळे मारून घेतले. जमिनीपासून बैठक २१ इंच. पलंगाखाली विटा लावल्या. आणि त्या तिसऱ्या कामासाठी मेडिकलमधून एक लोखंडी खुर्ची आणली, मधे भोक, भोकावर झाकण. ती संडासात भांड्यावर ठेवायची. ही खुर्ची ध्यानात ठेवा.

थोडक्यात, सव्वादोन हजार चौरस फुटांच्या घरात मला टेकता येईल अशा जागा तीनच होत्या. दाजी आले तेव्हा मी दुपारचा व्यायाम म्हणून कुबड्यांवर ओसरीपर्यंत फेरी मारत होतो. परत वळलो तर पलंगावर आक्का आडवी झाली होती. ‘यष्टीत लई हादरले गं बाई, जरा पाठ टेकते.’ आणि बैठकीत, सागवानी खुर्चीवर, दोन्ही हातांवर दोन्ही हात ठेवून दाजी.

दाजी म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. बहिणीचा नवरा ही त्याची फक्त व्याख्या झाली. आक्काच्या लग्नाला २७ वर्षं झाली, दाजींच्या मिशा पांढऱ्या झाल्या, तरी ते दारात दिसले की माझी आई अजून डोक्यावरचा पदर सारखा करते. जावई माणूस. त्यात गंगाखेडकडच्या आपल्या गावी ते सोसायटीचे माजी चेअरमन. चेअरमनकी जाऊन नऊ वर्षं झाली, बसण्याची पद्धत मात्र गेली नाही.

“या सर, बसा की,” ते मलाच म्हणाले आणि सोफ्याकडं हात केला.

“बसता येत नाही दाजी.”

“आरारा,” दाजी हळहळले, आणि खुर्चीत जरा मागं सरकून नीट बसले. “लई उंच केली हो खुर्ची. पर झकास हाय. पाय कसे मोकळे ऱ्हातेत.”

मी आईकडं पाहिलं. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि चहाला निघून गेली. मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेलो, म्हणजे कुबड्या टाकत दोन मिनिटांनी पोचलो, आणि म्हटलं, सांग ना त्यांना. ती दबक्या आवाजात म्हणाली, “तुझं काय बाबा, तू घरचाच हायस. जावई मानसाला ऊठ कसं म्हनावं?”

परत आलो तर दाजी म्हणाले, “बगू बरं एक.” मी काय ते समजायच्या आत त्यांनी डावी कुबडी काढून घेतली. उचलून पाहिली, वजन केलं, आतल्या बटणानं उंची कमीजास्त करून पाहिली, आणि मग ती परत दिलीच नाही. पुढचे दोन तास त्यांनी त्या कुबडीनं पंखा वाढवायला सांगितला, भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख दाखवली, नातवाला दटावलं, आणि एकदा पाठ खाजवली. मी एका कुबडीवर आणि दाराच्या चौकटीवर.

“तर आता सांगा, काहून आसं झालं?”

“खुब्याचा सांधा झिजला होता, दाजी.”

“गुडघा.”

“गुडघा नाही. खुबा.”

“हां हां, माकडहाड.”

मी चौकट सोडून स्वतःचा खुबा दाखवला, तोल गेला, परत चौकट धरली. हे काही दाजींचंच नाही. भेटायला आलेल्या शंभर माणसांत एकालाही खुबा कुठं असतो ते माहीत नाही. रोज त्याच्यावर बसतात, चालतात, लग्नात नाचतात, पण पत्ता विचारला तर गुडघा. मी मग शिक्षकाच्या जातीवर गेलो. सगळं सांगितलं: गोळा, वाटी, तासणं, वर धातूची टोपी.

दाजी क्षणभर गप्प बसले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“म्हंजी डॉक्टरनं तुमाला टोपीच घातली म्हना की!”

घर हसलं. आई हसली, आतून आक्का हसली. बायकोनं तोंड भिंतीकडं वळवलं, पण तिचे खांदे मला दिसत होते. ऑपरेशनच्या बिलाचा आकडा मी दाजींना सांगितला नव्हता. सांगितला असता तर तो विनोद त्यांनी दोनदा केला असता.

“आता ह्ये पळनं, उड्या मारनं बंद म्हना,” ते पुढं म्हणाले. “चाळिशी वलांडली. हरिपाठाला येत जा.”

हे मात्र मला लागलं. मी म्हटलं, बंद नाही दाजी. पहिले काही महिने टोपीखालच्या हाडाची मान मोडायची भीती असते, म्हणून उड्या नाहीत, पळणं नाही. पुढं डॉक्टर सोडतात. जगातले मोठे खेळाडू परत खेळलेत. “तो टेनिसवाला, अँडी मरे…”

“कोन मरे?”

“अँडी मरे.”

“दिवेलागनीला आसं आभद्र कशापायी बोलता, सर?” दाजी खरोखरच सावरून बसले. “आन कशानं? ह्याच आपरेशननं?”

“मेला नाही हो! मरे आडनाव आहे. २०१९च्या जानेवारीत हेच ऑपरेशन केलं, जूनमध्ये दुहेरीची स्पर्धा जिंकला आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला एकेरीची.”

“मंग तसं सांगा की.” दाजींनी कुबडी जमिनीवर टेकवली. “पर आडनाव बदलून घ्यायला पायजे व्हतं त्यानं.”

आतून आक्कानं विचारलं, “कोन गेलं ओ?”

इथून पुढं अर्धा तास अँडी मरे नाही म्हटलं तरी मेलेलाच राहिला. आईनं तर चहा देताना “किती वर्षांचं व्हतं लेकरू?” असंही विचारलं.

मग धातूवर आलो. लोखंड का पितळ? कोबाल्ट आणि क्रोमियम, मी म्हटलं. गंजंल का? नाही, पण धातूवर धातू घासतो, त्याचे कण रक्तात उतरतात, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. रक्तात लोखंड वाढलं तर चांगलंच की, आमच्या सुनेला डॉक्टर त्याच्याच गोळ्या देतो. मी समजावणं सोडून दिलं. पण दाजींना एकाएकी खरी काळजी वाटली. ते पुढं वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, “एक सांगतो, ऐका. मिरगात रानाकडं फिरकू नका. ईज वडून घील ती टोपी.”

खरं सांगायचं तर त्या दुपारभर माझ्या तब्येतीबद्दल कुणी मनापासून काही बोललं असेल तर ते एवढंच. आपल्याकडं दर मिरगात ईज माणसं नेते, आणि दाजींनी स्वतःच्या बांधावर एक बैल असा गमावलेला आहे. त्यामुळं मी हसू शकलो नाही. पाय मात्र आता थरथरायला लागला होता.

आणि मे महिना. परभणीचा. पारा ४४च्या आसपास, लाईट येऊन-जाऊन, आणि माझ्या दोन्ही पायांत मांडीपर्यंत पांढरे घट्ट मोजे, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. ते मोजे मला घालता येत नाहीत, कारण वाकायचं नाही. ते रोज सकाळी बायको घालते, जमिनीवर बसून, घामाघूम होऊन, पोत्यात ज्वारी कोंबावी तसा माझा पाय कोंबून. वर इंजेक्शन, वर जेवण, वर येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा. त्या रविवारचा तो अकरावा चहा होता. या तीन आठवड्यांत भेटायला आलेल्यांनी मला विचारलं की दुखतं का, किती खर्च आला, सुट्टी बिनपगारी का. तिला एकानंही विचारलं नाही की तू जेवलीस का. मीसुद्धा विचारलं नव्हतं, ते चौकटीला धरून उभं असताना लक्षात आलं.

आणि भेटायला येणं म्हणजे तरी काय? तरणाताठा माणूस पडलेला बघायला लोक फार आवडीनं येतात. म्हातारा पडला तर ‘वयच झालं’ म्हणून दहा मिनिटांत उठतात. माझ्या वयाच्याला कारण लागतं. दारू पीत होता का, जिमची पावडर खात होता का, बोअरचं पाणी प्यायचा का. कारण सापडेपर्यंत कुणी उठत नाही. गोळा गोल नव्हता हे कारण कुणालाच पुरत नाही. मीही व्हॉलीबॉलचं नेट घडी घालून माळ्यावर ठेवलंय, खुर्ची काढली त्याच जागेवर. ते परत खाली येईल का, हे मात्र कुणीच विचारत नाही. जाऊ द्या.

दोन तास झाले तेव्हा माझा चेहरा बहुतेक पांढरा पडला असावा. आईच्या लक्षात आलं. आईची माया आणि जावयाचा मान यांत तिनं मधला मार्ग काढला. ती मागं गेली. काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. लोखंडाचा.

मी “आई, नको” म्हणेपर्यंत ती खुर्ची बैठकीत होती. धुऊन, पुसून, झाकण लावून, वर टॉवेल अंथरून. दाजींच्या बरोबर समोर.

“बस,” आई म्हणाली. “तुझ्याच मापाची हाय.”

आणि मी बसलो. काय सांगू, बसलो. पायातली कळ अशी उतरली की डोळे मिटले गेले. उंची बरोबर, गुडघा खुब्याखाली, कोन ९०च्या आत. बाराव्या चहाची कपबशी हातात आली. दाजींनी ती खुर्ची वरून खालून निरखली, काहीच बोलले नाहीत, मिशीवरून हात फिरवला आणि खिशातून मोबाईल काढला.

“सर, हिकडं बगा.”

फोटो संध्याकाळीच घरच्या ग्रुपवर आला. ‘आमचे मेव्हणे ठणठणीत’ आणि खाली हात जोडलेले सहा. फोटोत टॉवेल एका बाजूनं सरकलेला आहे आणि झाकणाची कडी स्वच्छ दिसते. ६३ माणसांचा ग्रुप. त्यातल्या ४० जणांनी अंगठा दाखवला. जिंतूरच्या चुलत्यानं विचारलं, ‘खुर्ची कितीला पडली? अण्णांसाठी पाहिजे.’

निघताना दाजींनी सागवानी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि एका दमात उठले. “उठायला तर काहीच तरास न्हाई,” खुर्चीच्या पाठीवर थोपटून म्हणाले. कुबडी दारापर्यंत नेली, उंबऱ्यावरून परत केली. “येतो पुढच्या रविवारी. तुमाला करमत नसंल.”

सोमवारी सकाळी सुताराला फोन लावला. म्हटलं, आणखी एक खुर्ची पाहिजे, शनिवारपर्यंत.

“तितकीच उंच का, सर?”

म्हटलं, उंचीचं काही नाही, बुटकीच कर. पण गादी लाव, पाठीला मोर काढ, हाताला पितळेच्या गुंड्या ठोक. बैठकीत दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर माणूस हिच्यावरच बसला पाहिजे.