दोन इंजिनं, तीन बॅटऱ्या आणि चार सल्लागार

बोटीला दोन इंजिनं का, हे शेंबडं पोरही सांगेल. एक भर पाण्यात रुसलं तर दुसऱ्याच्या भरवशावर किनारा गाठायचा. पण दोन्ही एकाच बॅटरीवर चालू होणार असतील, तर ती रुसतात तेव्हा एकमताने रुसतात. म्हणून ठरवलं, प्रत्येक इंजिनाला स्वतःची बॅटरी, आणि दिवे, रेडिओ, फ्रिज यांना तिसरी.

मी हे मोठ्याने बोललो आणि तिथेच धक्क्यावरची सल्लागार मंडळी जमली.

"अहो, तीन कशाला? एकच दणकट घ्या." "तीन? चार घ्या!" तिसऱ्याने विचारलं, "सीसीए किती?" हा आकडा म्हणजे उणे १८ अंश सेल्सियसला बॅटरी ३० सेकंद किती अँपियर देऊ शकेल त्याचं माप. उणे १८ला मी गोधडीतून हात बाहेर काढणार नाही, बोट कुठून काढू? पण इंजिनाच्या पुस्तिकेत किमान आकडा छापलेला असतो आणि तो मुकाट्याने पाळावा लागतो.

तिसऱ्या बॅटरीचं गणित निराळं. स्टार्टरला क्षणभर प्रचंड करंट लागतो, फ्रिजला थोडा थोडा पण रात्रभर. त्यासाठी डीप सायकल, म्हणजे हळूहळू पण खोलवर रिकामी होऊ शकणारी बॅटरी. तिच्यावरचे १०० अँपियर-अवर म्हणजे ५ अँपियर, २० तास. शिसं-आम्लाची असेल तर तिलाही निम्म्याखाली उतरवू नये, नाहीतर आयुष्य घटतं. म्हणजे पैसे शंभराचे आणि वापर पन्नासाचा! चौथे सल्लागार एवढा वेळ गप्प होते, ते म्हणाले, "लिथियम घ्या, वजन निम्म्याहून कमी." खरं आहे. पण तिच्यातल्या संरक्षक सर्किटने चालत्या इंजिनावर अचानक जोडणी तोडली तर अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे, डायोड उडू शकतात, हे विचारल्यावर त्यांना घरचं काम आठवलं.

खरी गंमत जोडणीत. या बॅटऱ्या म्हणजे वेगळी चूल मांडलेले भाऊ. खर्च ज्याचा त्याचा, पण बाहेरून काही आलं की वाटा सगळ्यांना हवा. ही वाटणी एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच करतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३च्या वर गेलं की तो बॅटऱ्या जोडतो, आणि १२.८च्या आसपास उतरलं की तोडतो. रात्री फ्रिजने तिसरी बॅटरी चाटूनपुसून खाल्ली तरी सकाळी दोन्ही इंजिनं चालू होतात. शिवाय अडीनडीला सगळ्या एकत्र आणणारा एक स्विच असतो. तो एरवी हलवायचा नाही, हे मी पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे नेमका तोच हलवतात.

प्लस वेगवेगळे, पण मायनस सगळ्यांचे एकत्र, आणि तेही जाड केबलने. बारीक तार लावली तर एका इंजिनाचा स्टार्टिंग करंट दुसऱ्याच्या वायरिंगमधून वाट काढू पाहतो. बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाला मात्र मुख्य स्विचच्या आधी, स्वतःचा फ्यूज लावून, थेट बॅटरीवर घ्यायचं. मालक स्विच बंद करून घरी गेला म्हणून पाणी शिरायचं थांबत नाही.

हे सगळं कागदावर सुरेख दिसतं. प्रत्यक्षात हॅचमध्ये डोकं खाली, पाय वर, एका हातात पाना, आणि नट अशा जागी की बोटं पोचतात तिथे नजर पोचत नाही. पाना निसटून प्लस-मायनसवर आडवा पडू नये म्हणून त्याचं तोंड सोडून सगळ्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. वरून चारही सल्लागार बघतायत, आणि टॉर्च धरलेला प्रत्येक जण स्वतःला हवं तिथे उजेड पाडतोय.

शेवटी तिन्ही बसल्या, पट्ट्यांनी आवळल्या. दोन्ही इंजिनं अर्ध्या किल्लीत चालू झाली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "डावीकडे कललीय का हो जराशी?"

मी म्हटलं, "तुम्ही चौघं उजवीकडे बसा."