कपाळावरचा पट्टा आणि लेकराचं मन: एका व्हायरल मेसेजला मुद्देसूद उत्तर

परीक्षा जवळ आल्या की सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाच्या कपाळावर सेन्सरचा पट्टा बांधला की त्याचं लक्ष किती आहे ते मोबाइलवर आकड्यात दिसतं. तो खोटं बोलतोय का, कोणत्या क्षेत्रात चमकेल, हेही मेंदूच्या लहरींवरून कळतं. चीनमधल्या शाळांनी हे केव्हाच सुरू केलं. माहिती पूर्ण सुरक्षित राहते. आणि आपल्याकडे असलं काही होत नाही, कारण नीतिसमित्या (माणसांवरचं संशोधन योग्य रीतीने होतंय का ते तपासून मंजुरी देणाऱ्या समित्या) संशोधकांना कागदांत अडकवून ठेवतात.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पालक मला विचारतात, ‘मॅडम, घ्यायचा का पट्टा?’ म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

‘लक्ष आकड्यात दिसतं.’ मेंदूचे विद्युत संकेत डोक्याच्या कातडीवरून टिपता येतात, हे खरंच आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाचा पहिला ईईजी, म्हणजे या विद्युत संकेतांचा आलेख, काढला, 1929 मध्ये तो प्रसिद्ध केला. फिट येणाऱ्या रुग्णाची तपासणी आजही त्याच तत्त्वावर होते. पण कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर येईपर्यंत हा संकेत साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्ट (व्होल्टचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट) एवढाच उरतो. भिंतीवरच्या घड्याळात दीड व्होल्टचा सेल असतो. 50 मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग. पापणी लवली, दात आवळले, भुवई उचलली तरी याहून मोठा संकेत उमटू शकतो. म्हणूनच दवाखान्यात डोकंभर वीसेक इलेक्ट्रोड (संकेत टिपणाऱ्या चकत्या) लावतात, रुग्णाला स्वस्थ पडून राहायला सांगतात, आणि आलेख तज्ज्ञ डॉक्टर वाचतात. कपाळपट्ट्यात मोजके इलेक्ट्रोड असतात, तेही डोळ्यांच्या आणि कपाळाच्या स्नायूंपाशी. मोबाइलवर ‘लक्ष 72’ असं जे दिसतं, ते कंपनीच्या सूत्रातून येतं आणि ते सूत्र पालकांना कुणी दाखवत नाही.

संकेत अगदी निर्मळ मिळाला असं धरून चालू. तरीही मुलाचं लक्ष फळ्यावर आहे की मैदानावरच्या मॅचवर, हे तो आकडा सांगू शकत नाही. घरची चिंता, अपुरी झोप, सकाळपासून पोटात काही नसणं ही लक्ष उडण्याची कारणं वर्गात उभं राहिलं की दिसतात. पट्ट्यावर त्यांची नोंद होत नाही.

करिअरच्या दाव्याबद्दल फार लिहीत नाही. बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्या चाचण्या आपल्याकडे हजारो रुपयांना विकल्या गेल्या आहेत. हा त्याच जातीचा दावा आहे. मेंदूच्या लहरींवरून डॉक्टर की इंजिनिअर हे ठरवणारं कोणतंही शास्त्र आज अस्तित्वात नाही.

‘खोटं पकडता येतं.’ हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो आपल्या शेजारच्या पुण्यातच एकदा न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. 2008 मध्ये तिथल्या एका खून खटल्यात दोषी ठरवताना सत्र न्यायालयाने मेंदूलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. त्याच सुमारास बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. डी. नागराज यांच्या समितीने अशा चाचण्यांना पुरेसा वैज्ञानिक पाया नसल्याचं सांगितलं होतं. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निकाल दिला: नार्को (औषध देऊन बोलतं करणं), पॉलिग्राफ (नाडी-श्वासावरून खोटं ओळखणं) किंवा ब्रेन मॅपिंग (मेंदूलहरींची चाचणी) कुणावरही संमतीविना करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडलं जाण्याचा हक्क त्यात मोलाचा मानला गेला. जे संरक्षण आरोपीला मिळतं, ते आपण आठवीतल्या पोराकडून काढून घ्यायचं का?

विचार वाचण्याचे खरे प्रयोगही झाले आहेत. 2023 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी एफएमआरआय (मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल टिपणारं स्कॅनिंग) वापरून, माणूस ऐकत असलेल्या गोष्टीचा ढोबळ आशय शब्दांत मांडला. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीला त्या अवजड यंत्रात सुमारे 16 तास घालवावे लागले. एकाच्या मेंदूवर तयार केलेलं संगणकी मॉडेल दुसऱ्यावर चाललं नाही, आणि माणसाने मुद्दाम दुसराच विचार केला तर यंत्र फसलं. हे संशोधकांनी स्वतःच तपासलं आणि जाहीर केलं, कारण मनाच्या खाजगीपणाचा प्रश्न त्यांनी प्रयोगातच घेतला होता. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी ही बाजू गाळली.

‘चीनमध्ये सुरू आहे.’ झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत असे पट्टे वापरले गेले, हे खरं. 2019 मध्ये त्याची बातमी झाली, लोक संतापले आणि वापर थांबवावा लागला. मेसेजमध्ये गोष्ट अर्ध्यावर सोडली आहे.

‘माहिती सुरक्षित राहते.’ कुणाकडे, किती वर्षं, कुठल्या देशातल्या सर्व्हरवर? चिलीने 2021 मध्ये मेंदूतून मिळणाऱ्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका अमेरिकी कंपनीला माजी सिनेटरच्या मेंदूची साठवलेली माहिती पुसायला लावली. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. नियमांत शिक्षणसंस्थांना काही सवलती आहेत, म्हणून ‘शाळेने सांगितलं’ एवढ्यावर थांबू नये.

आता शेवटचा दावा, नीतिसमित्यांचा. त्या का लागतात, ते आधी पाहू. 1935 मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. 1949 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जगभर हजारो लोकांवर ती झाली, कित्येकांना नीट न विचारता, आणि अनेकांचं उभं आयुष्य विझलं. अलीकडचं उदाहरण सेकंड साइट या कंपनीचं. तिने 350 हून जास्त लोकांच्या डोळ्यांत कृत्रिम दृष्टीचं उपकरण बसवलं आणि नंतर ते बनवणंच सोडलं. उपकरण बिघडलं तर जायचं कुणाकडे, हे रुग्णांना कळेना. ‘उद्या काय?’ हा प्रश्न उपकरण बसवण्याआधी विचारायचा असतो, आणि तो विचारायला समिती लागते.

आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असतो. संमतीपत्र सहभागी माणसाला कळेल अशा भाषेत लागतं. सोलापुरात ही अट फार महत्त्वाची आहे. इथे विड्या वळणारी आई घरी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडची कन्नड बोलते, आणि शाळेतून आलेल्या इंग्रजी कागदावर ‘सरांनी दिलाय’ म्हणून सही करते. अशी सही संमती ठरत नाही. संशोधनात सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या वयाला समजेल असं सांगून त्याचा स्वतःचा होकारही घ्यायचा असतो.

पट्टा घेऊन कुणी शाळेत आलं, तर नीतिसमितीच्या मंजुरीचं पत्र मागा, माहिती पुसायची सोय विचारा, आणि संमतीपत्र आपल्या भाषेत मागून घरी न्या. संशोधन खरं असेल तर ही कागदपत्रं त्यांच्याकडे तयार असतात. विक्री असेल तर तसं स्पष्ट सांगायला लावा. आणि मुलगी ‘मला नाही बांधायचं’ म्हणाली, तर पट्टा परत करा.