जाहिरात येऊ द्या, पण आकडा लिहून

तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी इथं जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये बसूनही आहे. बाग भाऊ बघतो, मी नुसता वाचतो. सध्या तिथं वाद पेटलाय: ग्रुपवर नोकरीच्या जाहिराती चालू द्यायच्या की बंद करायच्या?

बंदी मागणाऱ्यांचं दुखणं खरं आहे. पहाटे कुणीतरी पानाचा फोटो टाकतो. वरून तेलकट पिवळा डाग, खालून पांढरी बुरशी. ‘डाऊनी रोगच ना? फवारणी कुठली घेऊ?’ उत्तर वेळेत मिळालं तरच उपयोग. पण लगेच खाली येतं ‘सेल्स ऑफिसर पाहिजेत’, मग ‘घरबसल्या कमवा’, मग ‘जर्मनीत नोकरी, त्वरित संपर्क’. फोटो गेला वर, बाग गेली रामभरोसे.

तरीही सरसकट बंदी मला पटत नाही. जाहिरात बंद झाली म्हणून जागा भरायच्या थांबत नाहीत, त्या पाहुण्यारावळ्यांत भरल्या जातात. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर हवा असला की मालकाच्या मेव्हण्याला आधी कळतं. बी.एस्सी. अॅग्री करून घरी बसलेल्या, कुठंच वशिला नसलेल्या पोराला कळणार कसं?

बंदी घालायचीच तर एजंटांवर घाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मी राहतो त्याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. तेव्हापासून ग्रुपवर ‘जर्मनी’ला ऊत आलाय. कंपनी कुठली, गाव कुठलं, पगार किती, काही नाही. नुसता मोबाईल नंबर. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारची नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारून बघा, मेसेज डिलीट होतो की नाही ते.

स्टुटगार्ट शहरातच उतारावर द्राक्षमळे आहेत. तोडणीला पूर्व युरोपातून माणसं येतात. २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो, हंगामी मजुरालाही तेच. निदान बोलणी कुठून सुरू होणार ते मालक-मजूर दोघांना ठाऊक असतं. (इथंही सगळं आलबेल नाही. बड्या कंपन्या जाहिरातीत पगार सर्रास लपवतात.)

अमेरिकेतल्या प्रोग्रॅमर मंडळींच्या ‘हॅकर न्यूज’ या वेबसाइटवर भरतीचा धागा महिन्यातून एकदाच निघतो. त्यात कंपनीतल्याच माणसानं लिहायचं, एका कंपनीची एकच नोंद, भरती एजन्सीला मज्जाव. आपल्याला एवढंही नको. रविवार ठरवा. ज्याला माणूस हवा त्यानंच लिहावं: गाव, काम, राहायची सोय, पगाराचा आकडा. आणि कुणी काही विचारलं तर ‘पर्सनलला या’ नाही, तिथंच सगळ्यांसमोर उत्तर.

यावर भावाची तक्रार आहे. म्हणतो, आकडा उघड लिहिला तर शेजारच्या बागेतली मजुरांची टोळी हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, वाढवून मागेल. मागेल की. ऐन छाटणीत ती आत्ताही मागतेच. फक्त प्रत्येक टोळीला वेगळा आकडा सांगायची आपली सोय तेवढी जाईल.