एल्व्हिसचं श्रेय आणि त्याच्या आधीच्यांचं

नमस्कार,

एल्व्हिस प्रेस्ली या अमेरिकन रॉक अँड रोल गायकावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी एल्व्हिसला चोर ठरवलं, १९५४ च्या आधी रॉक अँड रोल नव्हतंच, आणि सिस्टर रोझेटा थार्पसारख्या चर्चमध्ये गाणाऱ्या बाईला या संगीताची आई म्हणणं ही ओढाताण आहे, असं तुम्ही लिहिलंत.

पहिला मुद्दा मान्य. ‘गाणं ढापलं’ हे शब्द माझेच होते आणि ते चुकले. लेखातून काढतो आहे. एल्व्हिसने कधी काही लपवलं नाही. आपण गातो ते कृष्णवर्णीय लोक कितीतरी वर्षं गात आलेत, हे त्याने १९५६ मध्ये एका वर्तमानपत्राला सांगितलं, आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं नाव घेऊन. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत त्याने ध्वनिमुद्रित केलेलं ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणं क्रुडपचंच, १९४६ मधलं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. गाणं जगभर गेलं आणि ते लिहिणारा शेतमजुरीवर पोट भरत राहिला. रॉयल्टीसाठी भांडता भांडता १९७४ मध्ये गेला. हे मला आजही सहन होत नाही.

१९५४ ची रेघ मात्र मला मान्य नाही. त्याच मेम्फिसमध्ये, त्याच सॅम फिलिप्सकडे, १९५१ मध्ये आईक टर्नरच्या बँडने ‘रॉकेट ८८’ हे गाणं वाजवलं होतं. प्रवासात गिटारचा आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर खराब झाला, म्हणून त्यात कागद कोंबले आणि तसंच ध्वनिमुद्रण केलं, असं सांगतात. गिटारचा तो फाटका, घरघरता आवाज पुढे पोरं मुद्दाम काढायला लागली.

आता रोझेटा. गाणं देवाचं आहे म्हणून ते रॉक नव्हे, असं तुम्ही म्हणता. शब्द बाजूला ठेवा, ठेका ऐका. १९४४ मध्ये तिने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ ध्वनिमुद्रित केलं. सॅमी प्राइसचा पियानो बूगी-वूगीच्या, म्हणजे नाचायला लावणाऱ्या जलद ब्लूजच्या, चालीत पळतो, आणि मध्येच तिची इलेक्ट्रिक गिटार अशी उसळून येते की चर्चच्या बाकावर बसून राहणं अवघड व्हावं. १९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकनला तिने एका चौदा वर्षांच्या पोराला गाताना ऐकलं आणि आपल्या कार्यक्रमात गायला उभं केलं. तो म्हणजे पुढे रॉक अँड रोलचा तारा झालेला लिटल रिचर्ड. प्रभाव प्रभाव म्हणतात तो आणखी कसा असतो?

१९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या स्टेशनवर टीव्हीसाठी तिचा कार्यक्रम झाला. पाऊस पडत होता. श्रोते एका फलाटावर, ती समोरच्या फलाटावर, अंगात कोट, गळ्यात गिटार. तिने पावसाचंच गाणं धरलं. चित्रफीत उपलब्ध आहे. आधी ती बघा, मग १९४४ चं गाणं हेडफोन लावून ऐका, विशेषतः मधला गिटारचा तुकडा. त्यानंतरही ओढाताण वाटली तर जरूर लिहा, मी उत्तर देईन.